एक हाड मोडलं, की स्की बंद!

खर्रर्र... खर्रर्र... ओल्या फरशीवर कुणी जोरात खराटा फिरवावा तसा आवाज, पण वरून खाली धावत येणारा. बर्मिंगहॅममधल्या आमच्या स्की स्लोपचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी टेकडीच झाडायला काढली आहे! बर्फाचा पत्ता नाही. बस गॅरेजच्या मागे एक टेकाड, त्यावर प्लॅस्टिकच्या ब्रशांच्या चटया अंथरलेल्या, आणि त्यांवरून माणसं स्की घालून घसरतायत. तेसुद्धा जुलै महिन्यात!

ऐंशीनंतर लगेचच मी काम करायचो तो कारखाना बंद पडला आणि मी तिथे लिफ्टवर लागलो. लिफ्ट म्हणजे माणसांना टेकडीवर ओढून नेणारा फिरता दोर. शाळा मी चौथीत सोडली होती, पण हिरवं बटण दाबलं की चालू आणि लाल दाबलं की बंद, एवढ्याला शाळा लागत नाही. मला फार बोलायची सवय नाही. गप्प माणूस दिसला की लोक त्याच्यापाशी सगळं बोलतात. मग किस्से साठत जातात, स्लोपवरच्या आमच्या दुकानात राहून गेलेल्या एकेकट्या हातमोज्यांसारखे. जोडी नाही, तरी टाकवत नाहीत. त्यातले निम्मे तरी केतकीचे.

*

केतकी म्हणजे डॉक्टर आपट्यांची मुलगी. मैत्रिणीच्या बर्थडे पार्टीला म्हणून आली होती. सगळ्या मुली घाबरत घाबरत, इकडे वळून तिकडे वळून खाली येत होत्या. ही वरून सुटली ती सरळ! तळाच्या गवताच्या भाऱ्यांत कमरेपर्यंत घुसली.

आमचा कोच रॉन, स्कॉटलंडचा माणूस, आवाज असा की टेकडीवर शिट्टीची गरज नाही. तो ओरडला, "तू वळली का नाहीस?"

केसांतलं गवत काढत ती म्हणाली, "वळायचं कशाला? खालीच जायचंय ना?"

रॉन माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "सिड, ही डाउनहिलची पोर आहे." (माझं नाव सदाशिव. तिथे सगळ्यांना सिड परवडायचं.) डाउनहिल म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. डोंगराच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत, मोटरवेवरच्या गाडीच्या वेगाने, एकटं!

*

आता पंचाईत अशी, की डॉक्टरसाहेब हाडांचे डॉक्टर. शनिवारी ते तिला आणायला यायचे आणि कुंपणापाशी उभे राहायचे. चेहऱ्याकडे कुणाच्याच बघत नसत. फक्त गुडघे बघायचे! मधेच म्हणायचे, "सदाशिवराव, तो लाल जॅकेटवाला सोमवारी माझ्याकडे येणार." आणि तो यायचा!

रॉन एकदा त्यांना म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीसुद्धा शिका की. आमचे कस्टमर व्हा."

"कस्टमर कसला? तुम्ही माझे सप्लायर आहात!"

पण मुलगी ऐकेना. रेस टीममध्ये जायचं म्हणून तिने जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं. शेवटी डॉक्टर तिला घेऊन स्लोपवर आले आणि रॉनच्या समोर, माझ्या समोर म्हणाले, "ठीक आहे. पण एक हाड मोडलं, की स्की बंद. त्याच दिवशी. कुठलं हाड, किती मोडलं, ही चर्चा नाही. कबूल?"

"कबूल!" केतकी म्हणाली.

डॉक्टर दिलेला शब्द पाळणारे होते. ती पण. त्यामुळे ती पडली की आम्ही सगळे आधी श्वास रोखायचो आणि मग तिच्याकडे धावायचो.

*

डाउनहिलमध्ये अंड्यासारखं अंग गोळा करून, गुडघ्यांत वाकून बसावं लागतं. आमचा स्लोप सुरू होतो न होतो तोच संपायचा, मग बसायची सवय कुठे होणार? ती करायची स्वयंपाकघरात! एकीकडे तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, पोळ्या लाटतायत, दुसरीकडे ही फ्रिजसमोर वाकून बसलेली, पाय थरथरतायत, आणि वहिनी वेळ मोजतायत, "अजून दोन पोळ्या, केतू! ही फुगू दे, मग उठ!"

पुण्याहून आजी आल्या होत्या. त्यांनी हा प्रकार दोन दिवस गुपचूप पाहिला. तिसऱ्या दिवशी वहिनींना बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, पोरीच्या पोटात एवढं दुखतंय आणि तू पोळ्या काय लाटत बसलीस? ओवा तरी दे!"

*

स्लोपवर स्की जोरात पळाव्यात म्हणून चटयांवर पाणी मारायचं असतं. एका क्लब रेसच्या आधी रॉनने त्यात भांडी घासायचं लिक्विड घातलं. थोडं घातलं तर चालतं. त्याने कॅन उपडा केला!

पाणी सुरू झालं आणि टेकडी फसफसायला लागली. गुडघाभर फेस! कौन्सिलच्या बाई बक्षीस द्यायला आल्या होत्या. त्या फेसाकडे बघून म्हणाल्या, "हाऊ लव्हली! एवढा बर्फ तुम्ही आणलात कुठून?"

रॉनने टोपी काढली आणि म्हणाला, "मॅडम, सुपरमार्केटमधून."

त्या फेसातून केतकी अशी सुटली, की तळाचे भारे ओलांडून थेट कार पार्कमध्ये! उठून उभी राहिली. एकेक बोट हलवून दाखवलं. आम्ही श्वास सोडला.

*

स्कीच्या तळाला मेण लावतात, तेही गरम इस्त्रीने. रॉनची इस्त्री बिघडली, म्हणून केतकीने घरची आणली आणि काम झाल्यावर गुपचूप परत ठेवली. दुसऱ्या दिवशी लंडनला, ईलिंगमध्ये, गणपतीचा कार्यक्रम. वहिनींनी मोरपंखी रेशमी साडी काढली, इस्त्री फिरवली, आणि पदरावर हिरवट मेणाचा हा एवढा पट्टा!

त्यांची किंकाळी ऐकून डॉक्टर अर्धी दाढी करून धावत आले. "काय झालं? कुठलं हाड?"

"हाड नाही हो! माझी साडी!"

"हात्तिच्या!" असं म्हणून डॉक्टर उरलेली दाढी करायला निघून गेले. हे वहिनींनी मला स्वतः सांगितलं. तेव्हाही त्यांचा राग गेलेला नव्हता.

*

नव्वदनंतर ती आल्प्समध्ये रेसना जायला लागली. तिथल्या मुली दारातून बाहेर पडल्या की बर्फातच. एका ऑस्ट्रियन मुलीने तिला प्रेमाने विचारलं, "तुमचा डोंगर कुठे आहे?"

"बस गॅरेजच्या मागे," केतकी म्हणाली.

ती मुलगी हसली. दुसऱ्या दिवशी केतकी तिच्या पुढे आली! खूप पुढे नाही, पापणी लवते तेवढी. पण त्या रात्री तिने फोन केला आणि म्हणाली, "सदूकाका, माझा पाय जमिनीवर नाहीये! अजून हवेतच आहे!" तिच्या मराठीत पाय एकच असायचा, पण मला दोन्ही दिसले. लिफ्टच्या खोलीत मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो.

*

आणि आता स्कॉटलंडची गोष्ट.

राष्ट्रीय टीमची निवड व्हायची होती. ही एक रेस नीट झाली की केतकी आत. नाही तर वय निघून चाललेलं, पुढच्या वर्षी कुणी विचारणार नव्हतं. मी क्लबची मिनीबस घेऊन आदल्या दिवशीच पोचलो होतो. आणि सकाळी बघतो तर डॉक्टरसाहेब! रात्रभर गाडी चालवून आलेले. एवढ्या वर्षांत त्यांनी खऱ्या बर्फावरची तिची एकही रेस पाहिली नव्हती.

रॉनने मला कोपऱ्यात ओढलं. त्याचा चेहरा उतरला होता. "सिड, त्यांना वर येऊ देऊ नकोस. काहीही कर."

"का?"

"मंगळवारी, तुझी सुट्टी होती तेव्हा, ती आपल्या प्लॅस्टिकवर पडली. चटईच्या भोकात हाताचा अंगठा अडकला. मोडलाय. त्यांना माहीत नाही."

मी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, वर फार गार आहे. खाली चहा घेऊ."

"सदाशिवराव, चहा प्यायला मी बर्मिंगहॅमहून आलोय का?"

खुर्च्यांच्या लिफ्टने आम्ही दोघं वर गेलो. अंगात ओव्हरकोट, पायांत हॉस्पिटलचे बूट, हातात त्यांची काळी बॅग. मी लिफ्टचे खांब मोजत राहिलो. मला येतं तेवढंच.

वर वारा नुसता सुसाट सुटला होता. केतकी हेल्मेट घालून तयार. वडिलांना बघून ती इतकी हसली, आणि मग एकदम थांबली. तिने उजव्या हातातली काठी डाव्या हातात घेतली. डॉक्टरांनी ते पाहिलं. सगळी वर्षं गुडघे बघणारा माणूस त्या हाताकडे बघत राहिला.

"ग्लव्ह काढ."

"बाबा, आता नाही. माझा नंबर आलाय."

"केतू. ग्लव्ह काढ."

तिने दातांनी ओढून काढला. अंगठा काळानिळा, सुजून दुप्पट झालेला. डॉक्टरांनी तो दोन बोटांत धरून हळूच दाबला. ती ओरडली नाही. डोळे मात्र भरून आले, आणि ते दुखण्यामुळे नव्हे.

"कधी?"

"मंगळवारी."

"मोडलंय, माहीत आहे ना तुला?"

"हो."

"काय ठरलं होतं आपलं?"

रॉनने टोपी काढून हातात घेतली. स्टार्टवरचा माणूस ओरडला, "पुढची मुलगी! रेडी!"

डॉक्टर खाली बसले, बर्फातच, गुडघा टेकून. काळी बॅग उघडली. पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. अंगठा सरळ केला, पट्टी गुंडाळली, एक वेढा, दुसरा, मनगटापर्यंत. वर ग्लव्ह चढवला, तोही अलगद, ती लहान असताना चढवत असतील तसा. मग काठी तिच्या मुठीत दिली आणि मुठीसकट काठीला पट्टी बांधली. दोन्ही हातांनी काठी धरून जोरात ओढून पाहिली. सुटली नाही.

"बाबा?" ती म्हणाली.

त्यांनी बॅग बंद केली, गुडघ्यावरचा बर्फ झटकला, "खाली भेटू," म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता लिफ्टच्या दिशेने चालू लागले.