वाकणारी डोलकाठी, तीही चाकणहून

डोलकाठी मोडली तेव्हा आमचे गोव्याच्या बोटयार्डातले सर म्हणाले, "वरचा निम्मा भाग शाबूत आहे. रविवारच्या शर्यतीआधी खालचा आणलास, तर होडी तूच पळव."

मी! सातवी नापास, चाकणजवळच्या निघोज्याचा गडी, शर्यतीत! होडी म्हणजे कॅटामरान: शेजारी-शेजारी जोडलेली दोन पोटं, एक शीड, एकच माणूस. गुंडाळलेलं शीड आणि काठीचा मोडका तुकडा घेऊन पुण्याची बस पकडली.

सकाळी नाशिक फाट्याला उतरलो. (येणार असाल तर कंपन्यांची शिफ्ट सुटायची वेळ टाळा, ट्रॅफिकमध्ये मोशीपर्यंतच जीव जातो.) भोसरीत झणझणीत मिसळ हाणली, ॲल्युमिनियमचा पाइप घेतला आणि टेम्पोत पाइपाला मिठी मारून थेट चाकणला, मामाच्या शेडवर.

मामा गाड्यांचे पार्ट बनवतो. पास झालेल्या नगावर पिवळ्या मार्करचा टिपका. तो टिपका म्हणजे मामाची इज्जत.

मी जेवून येईपर्यंत मामानं मायेनं पाइपाच्या आत लोखंडी पाइप ठोकून बसवला होता. "आता तुझ्या नातवाच्यानं बी वाकायची न्हाई!"

"मामा, वाकलीच पाहिजे!"

माल तपासणारे गणपतभाऊ खदखदले. "राव, वाकलं की रिजेक्ट. वाकायची ऑर्डर पहिल्यांदाच बघतोय!"

मी शीड जमिनीवर पसरलं. काठीकडची कड धनुष्यासारखी पुढे फुगलेली. जोराचा वारा आला की काठी तेवढीच वाकते, शिडाचं पोट सपाट होतं, जादा वारा निसटतो. काठी ताठ राहिली की एकटा माणूस होडीसकट उलटा!

मामा बैलगाडा शर्यतीचा शौकीन. त्यानं शिडाच्या कडेवरनं बोट फिरवलं. "म्हंजी कासरा ढिला करायचा, पर हातातनं सोडायचा न्हाई. असं व्हय!"

दुपारभर ठोकून लोखंड बाहेर काढलं. काठीची टोकं दोन लोखंडी घोड्यांवर ठेवली, मधे वजनं टांगली. काठी हळूच वाकली आणि शिडाच्या कडेच्या खालच्या निम्म्याला अशी जुळली, की मी शेडमध्ये नाचलोच!

टिपका मागितला, तर मामा म्हणाला, "वाकल्या मालाव माझा टिपका न्हाई. आधी पळवून दाव." मार्कर मात्र माझ्या खिशात खोचला.

काठी बसच्या टपावर, क्लीनरला चहा पाजून. गोव्यात तिच्यावर वरचा निम्मा भाग बसवला.

रविवारी वारा पिसाळला. माझ्यापुढच्या दोघांच्या होड्या उलटल्या. माझ्या होडीचं एक पोट पाण्याबाहेर, मी दोरीला लोंबकळतोय, बोंबलतोय, हसतोय! सातांत तिसरा आलो. ओल्या हातानंच फोन लावला.

"वाकली का?"

"वाकली!"

"मोडली?"

"न्हाई!"

"परत सरळ झाली?"

"झाली, मामा."

मग मामा म्हणाला, "मार टिपका."


आता होडीवर चढताना माझा हात आधी काठीच्या बुडाशी जातो. पिवळा टिपका तिथं आहे.