खळीखाली गेलेला लेख

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत सांगलीत माझा दवाखाना होता आणि खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांसाठी मी एक मराठी वैद्यकीय मासिकही काढत असे. संपादक म्हणवून घ्यायची हौस दांडगी. रोगी ताटकळत बसायचे आणि मी आत प्रुफं तपासायचो.

क्विनाइन मिळेनासं झालं तेव्हा मी हिवतापावर लेख लिहिला. जवळचं क्विनाइन जपून वापरा, संपलं तर रोग्याला सरळ सरकारी दवाखान्यात पाठवा, टॉनिकांच्या नादी लागू नका, असं त्यात बजावलं होतं. त्याच सुमारास एका टॉनिकवाल्याची जाहिरात आली, क्विनाइनवाचून हिवताप बरा करण्याची. ती खोटी आहे हे मला कळत होतं. पण जाहिरातींशिवाय अंक निघत नव्हता. वाचणारे डॉक्टरच आहेत, त्यांना बरंवाईट कळतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. मोठा शहाणा मी! जाहिरात छापली, तीही नेमकी त्या लेखाच्याच पानाच्या मागच्या बाजूला.

कराडजवळच्या एका गावात माझे एक स्नेही डॉक्टर होते, वयाने माझ्याहून मोठे. दिवसभर रोग्यांची रीघ, वाचायला सवड नाही. अंक आला की ते आधी कात्री घेत. उपयोगाची पानं कापून जाड वहीत रोगवार खळीने चिकटवत आणि गरज पडली की वही उघडत. आमच्याकडचे बरेच डॉक्टर तसंच करत. पानाची एकच बाजू वर राहायची.

दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेलो, तर एक म्हातारा शेतकरी त्याच टॉनिकची रिकामी बाटली घेऊन ओट्यावर बसला होता. आठवड्यापूर्वी त्याची सून हिवतापाने गेली होती. मुलगा पलटणीत, परमुलखात. त्याला अजून कळवलं नव्हतं. म्हातारा भांडायला आला नव्हता, आणि त्यामुळेच मला त्याच्याकडे बघवेना.

"आवं डाक्टर," तो म्हणाला, "पोराला काय कळवू? औषध दिलं हुतं म्हनू, का न्हाई म्हनू?"

डॉक्टरांनी वही माझ्यापुढे सरकवली. हिवतापाच्या पानावर ती जाहिरात होती, ठळक अक्षरांत, मात्रेच्या तक्त्यासकट. त्या तक्त्याबरहुकूम त्यांनी दोन बाटल्या दिल्या होत्या.

"तुमच्या मासिकात होतं म्हणून दिलं," ते म्हणाले. "माझंच काही चुकलं का, बघा."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला मात्र आधी स्वतःची कातडी वाचवायचं सुचलं. मी बजावलं होतं, हे दाखवायला मी पाण्याचं बोट लावून पान सोडवायला लागलो. मागचा माझा लेख दिसू लागला. निम्मं पान सुटल्यावर लक्षात आलं, की हा लेख वाचला तर जाहिरात खोटी आहे हे छापतानाच मला ठाऊक होतं, हेही डॉक्टरांना कळेल. ते पान मी तळहाताने दाबून पुन्हा नीट बसवलं.

"औषध दिलं होतं, असं कळवा," मी म्हाताऱ्याला म्हणालो.

त्याला लिहिता येत नव्हतं. पत्र मीच लिहून दिलं.