मेंढरं राखणारी पोरगी परत आणा

धनश्री मरगळे पानशेतच्या वरच्या वाडीत मेंढरं राखते. दोन वर्षांपूर्वी तिनं एका व्हिडिओ गेमला वर्गणी दिली. तो गेम लोकवर्गणीतूनच बनत होता आणि त्याची नायिका होती डोंगरात मेंढरं राखणारी पोरगी. काम कसं चाललंय ते दाखवणारी फिल्म गेमवाले दर दोन महिन्यांनी टाकायचे. रेंज मिळेल त्या खडकावर बसून धनश्री ती शेवटपर्यंत बघायची. दीर गेनू हसायचा, "वयनी, खेळ पोरांचा असतो."

अकराव्या फिल्ममध्ये गेमचा दिग्दर्शक शंतनू म्हणाला, "मेंढपाळ मुलगी काढतोय. तलवारवाला तरुण जास्त चालेल."

धनश्रीला तिडीक आली. मेंढरांत उभं राहूनच तिनं मोबाईल स्वतःकडं वळवला. "आमी वर्गणी दिली ती तिच्यासाठी. लांडगा आला की मी काठी घेऊन एकटी उभी ऱ्हाते. मला तलवार लागत न्हाई. पोरगी परत आणा."

हा व्हिडिओ तिनं गेमच्या ग्रुपवर टाकला. शेकडो वर्गणीदारांनी खाली तेच लिहिलं, पोरगी परत आणा.

आठवड्यानं शंतनूचा फोन आला. "ताई, मुलगी ठेवतो. पण गेम पुरा व्हायला अजून एक वर्ष लागेल. लोक चिडतील."

"चिडू द्या. मी थांबते."

"तुमचा व्हिडिओ फिल्ममध्ये घेऊ का? रागाचं तेवढं कापून?"

"घ्यायचा तर सगळा घ्या. न्हाईतर राहू द्या."

बारावी फिल्म तिच्या व्हिडिओनंच सुरू झाली, एक शब्दही न कापता.