ग्रहण होईपर्यंत नोरीनला सवड नाही

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागातल्या केटल बोअर या मेंढ्यांच्या कुरणावर राहणाऱ्या नोरीन हॅड्रिकला मरायलासुद्धा सवड नाही, असं तिचा शेजारी क्लेम म्हणतो. शेजारी म्हणजे तासाभराच्या कच्च्या रस्त्यावरचा. बाईंनी पंच्याहत्तरी कधीच ओलांडली, नवरा कॉलिन गेला, मेंढ्याही थोड्याच उरल्या. पण पुढची सगळी वर्षं आकाशाने अडवून ठेवलेली. २०३० च्या नोव्हेंबरात खग्रास ग्रहण, तेही मावळत्या सूर्याचं, आणि थेट तिच्या कुरणावरून. त्यानंतर मंगळाच्या चंद्रावरची माती घेऊन जपान्यांची कुपी यायची आहे, ती वूमेराच्या रॉकेट-मैदानात. ते मैदान तिच्या कुंपणापलीकडेच, त्यामुळे कुपी आपल्याकडेच येते आहे असं ती समजते.

तिची मुलगी जनेट पोर्ट ऑगस्टाला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. कित्येक वर्षं ती आईच्या मागे लागली आहे, की माझ्याजवळ म्हाताऱ्यांच्या वसाहतीत एक छोटं घर घे.

"इथे पडलीस तर फोनपर्यंत कोण जाणार?"

"ग्रहण होऊ दे, मग बघू."

"मग कुपी येईल. मग?"

"२०६१ ला हॅलेचा धूमकेतू आहे."

"तेव्हा तू शंभरी ओलांडलेली असशील, आई!"

"मग तेव्हा येते की राहायला. तेव्हा खरंच जमणार नाही एकटीला."

या शनिवारी जनेट हट्टाला पेटूनच आली. वसाहतीतलं एक घर रिकामं होत होतं आणि सोमवारी हो-नाही कळवायचं होतं. क्लेम पंप दुरुस्त करायला आला होता, तोही चहाला थांबला. सूर्य मावळल्यावर तिघं रिवाजाप्रमाणे आसऱ्याच्या छपरावर जाऊन बसली. एके काळी मैदानातून रॉकेटं उडायची, तेव्हा सरकारने आसपासच्या घरांना हे लोखंडी आसरे बांधून दिले होते. रॉकेट सुटणार असा फोन आला की आत शिरून बसायचं. पण आत बसून रॉकेट दिसणार कसं? म्हणून सगळी माणसं खुर्च्या टाकून वर बसायची. आत बटाटे असायचे, अजूनही असतात.

"बघा, शुक्र!" नोरीनने बोट दाखवलं. "काय तेज आहे! आणि जरा लुकलुकत नाही. ग्रह लुकलुकत नाहीत, जनेट."

"नाहीच लुकलुकत," क्लेम म्हणाला आणि कपात बघत राहिला.

जनेटने आधी आईच्या बोटाच्या दिशेने पाहिलं, मग आईकडे.

"आई, तो खाणीच्या मनोऱ्यावरचा दिवा आहे. शुक्र डावीकडे, चांगला ठसठशीत."

नोरीनने डावीकडे पाहिलं. तिथे पिठूळ उजेडाशिवाय काही नव्हतं.

"क्लेम, हा दिवा कधीचा?"

"मेंढ्यांच्या मागच्या कातरणीपासूनचा."

"आणि तू इतके दिवस माझ्या हो ला हो करत होतास, मेल्या?"

"एकदा सांगायला गेलो होतो. तर तू मलाच चष्मा बदलायला लावलास."

जनेटला हसू येत होतं, पण आईचा चेहरा पाहून ते जिरलं. डोळे अधू होताहेत हे नोरीनला ठाऊक होतं. दोन हिवाळे तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. डोळे म्हटलं की डॉक्टर, डॉक्टर म्हटलं की जनेट, आणि जनेट म्हटलं की ते घर. तिला भीती वाटत होती. वादळाची, सापाची कधी वाटली नव्हती एवढी.

"घे ते घर," ती एकदम म्हणाली. "सोमवारी हो म्हणून सांग. मला दिसणारच नाही, तर ग्रहणासाठी कशाला अडून बसू?"

हेच वाक्य ऐकायला जनेटने इतकी वर्षं जिवाचं रान केलं होतं. आता ते कानावर पडलं आणि तिने जोरजोरात मान हलवली.

"काही घेत नाही मी घर! मोतीबिंदू असेल. आजीला नव्हता का? काढून टाकायचा, पंधरा दिवस माझ्याकडे राहायचं आणि परत यायचं."

"आणि तसं नसलं तर?"

"नसलं तर मी शेजारी बसून काय काय होतंय ते सांगेन. मी रजा टाकलीय."

"आत्ता? कसली रजा?"

"ग्रहणाची. २०३० ची. साहेब हसले, पण लिहून घेतली."



"कुठे बघणार होतीस ग्रहण?"

"कुठे म्हणजे? इथेच, तुझ्याबरोबर."

"म्हणजे मी इथून हलणार नाही हे तुला माहीत होतं! तरी इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस?"

"डोक्याचं नंतर बघू," जनेट नाक पुसत म्हणाली. "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"सोमवारी मला—"

"आई."

"बरं," नोरीन म्हणाली.