एक डोकं कमी

आमचा वर्ग सुरू होऊन पंधरवडा झाला होता आणि वर्ग आहे की नाही हेच कोणाला माहीत नव्हतं. साहित्य, नाटक आणि कलेचा इतिहास असा तिन्हींचा मिळून तो एम.ए.चा अभ्यासक्रम होता. प्रवेशाची मुदत संपेपर्यंत दहा विद्यार्थी झाले तर तो चालणार, नाही तर बंद. आम्ही नऊ होतो.

"एक डोकं आणा नं मॅडम, कोणतंही आणा," ऑफिसातला बाबू म्हणाला. मेथीची जुडी आणायला सांगावं, तसं.

मला दुसरं काही शिकायचं नव्हतं. स्पर्धा परीक्षांच्या नादात माझी दोन वर्षं मातीत गेली होती. या वर्गात बसले आणि कितीतरी दिवसांनी सकाळी उठावंसं वाटू लागलं. म्हणून मी लाज सोडली. अभ्यासिकेबाहेर उभी राहून पोरांना अडवू लागले. एकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात पोस्टा किती निघतात?" रामटेकच्या मावसबहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "तुले वेळ आहे वं, मले लेकरू आहे." घरी येऊन मी चपला भिरकावल्या. तेव्हा आई मशीनवर बसून जरीपटका बाजारातल्या दुकानातून आणलेल्या साड्यांना फॉल लावत होती. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"आई, तू बी.ए. आहेस ना?"

"होती," ती म्हणाली.

मी तिच्या पायाशीच बसले. वर्ग बंद पडला तर मी काय करू, मला खरंच माहीत नाही, असं म्हणता म्हणता रडू फुटलं. आईने मशीन थांबवलं. "नाव लावाले काय जाते? लाव," ती म्हणाली. आतल्या पेटीत तिच्या लग्नातल्या शालूखाली गुणपत्रिका सापडली. बाबूने ती उलटसुलट करून पाहिली आणि शिक्का मारला. झालो दहा.

हजेरी लागत होती, म्हणून तिला वर्गात बसणं भाग होतं. मी तिला बजावून ठेवलं होतं, मागे बस, काही बोलू नको. ती पहिल्या बाकावर बसली. सर एका नाटकातला प्रवेश समजावून सांगत होते. त्यातली बाई नवऱ्याकडे पाठ करून उभी असते. आईने हात वर केला. मी बाकाखालून तिला चिमटा काढला, पण ती थोडीच थांबणार!

"सर, ते बाई पाठ करून उभी आहे, म्हणजे रडून राहिली का रागावली?"

सरांनी एकेकाला त्या बाईसारखं उभं राहायला लावलं आणि बाकीच्यांना विचारलं, ही रडते आहे की रागावली आहे? अख्खा तास त्यातच गेला. आई सगळ्यांबरोबर उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा मात्र कोणालाच काही सांगता आलं नाही.

त्यानंतर ती मशीनवरही पुस्तक उघडून बसू लागली. फॉल उशिरा होऊ लागले, दुकानदाराचे फोन यायला लागले. "आई, कशाला एवढं करतेस? नुसतं नाव पाहिजे होतं," मी म्हटलं. "वाचते नं. तुयं काय जाते?" ती म्हणाली. मी वाद घातला नाही. माझा सगळा जीव त्या दहाच्या आकड्यात अडकला होता.

आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी आमच्यातला एक मुलगा आलाच नाही. धंतोलीतल्या एका इस्पितळात बिलाच्या काउंटरवर त्याला नोकरी लागली होती. मी तशीच तिथे गेले. रांगेत पेशंटचे नातेवाईक फायली छातीशी धरून उभे होते आणि मी त्यांच्यातून घुसून त्याच्यापुढे हात जोडत होते. येऊ नको रे, नाव तेवढं राहू दे.

"ॲडमिशनचे कागदं काढून घेतले, ताई," तो हळूच म्हणाला. "इथं ओरिजिनल जमा करा लागले. घरी मी एकटाच कमावणारा आहो. काय करू, सांगा."

मला त्याचा भयंकर राग आला होता आणि तो रागही धड करता येत नव्हता. मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, सरका नं." मी सरकले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी सरांनी आम्हाला विभागात बोलावलं. आई माझ्या शेजारी उभी होती. अभ्यासक्रम यंदा नाही, असं सरांनी सांगितलं. ते कुणाच्याच डोळ्यांत बघत नव्हते. ज्याला हवं त्याने दुसऱ्या विषयात बदली घ्यावी. मी मराठी म्हटलं. लवकर सही करून तिथून निघायचं एवढंच डोक्यात होतं.

"आणि तुमच्या आईंचं?" सरांनी विचारलं.

"तिचं काही नाही, सर," मी म्हणाले. "ती फक्त संख्येसाठी होती."

सही करून आम्ही बाहेर आलो. मी गाडी काढली, आई मागे बसली. एरवी ती माझा खांदा धरते, त्या दिवशी तिने धरला नाही. मी म्हटलं, आई, माझं तर सगळंच संपलं गं.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती बोलली. आवाज रडका नव्हता, रागाचाही नव्हता.

"तू मले मोजाले आणलं होतं," ती म्हणाली. "मी तं शिकून राहिली होती वं."