पाठकोरे कागद
अंबाडी नाक्यावर शेंगदाण्याची पुडी कडेला भोकं असलेल्या कॉम्प्युटरच्या कागदात मिळाली आणि भिवंडीतल्या त्या लूम कारखान्याचं फाटक डोळ्यांपुढे आलं. बारा तासांच्या ड्युटीविरुद्धची पत्रकं मी मित्राच्या पाठकोऱ्या कागदांवर छापली होती. तो मुंबईत हवामानाचे प्रोग्राम लिहायचा, आणि त्या दिवशी पत्रकं वाटायला माझ्यासोबत आला होता. फाटकावर मुकादमाने पत्रकामागचे आकडे पाहिले आणि त्याला ती संपवाल्यांची गुप्त यादी वाटली. "ये कागज किसका है?" मित्र भाबडेपणाने म्हणाला, "माझे." लोखंडी सळई थेट तोंडावर बसली. रक्त थुंकत तो समजावत राहिला, "एक प्रोग्राम समुद्राचा हाय, एक हवेचा. दोन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या मशीनवर चालतात, ठरल्या वेळी थांबून एकमेकांना आकडे देतात. ती देवाणघेवाण माझा प्रोग्राम करतो. एक जरी थांबला न्हाय, तर दोघांचं चुकतं." "लूममध्ये समुद्र आणतोस काय रे, शहाण्या?" म्हणत मुकादमाने त्याच्या उजव्या हाताची बोटं ठेचली. पत्रकं मी छापली, एवढं बोललो असतो तर सळई माझ्याकडे वळली असती. मी गर्दीत गप्प उभा राहिलो. त्यानंतर मालकांनी केलेल्या मारहाणीवर ढीगभर पत्रकं लिहिली, त्या फाटकावरचं हे मात्र एकातही छापलं नाही. तो अजूनही डाव्या हाताने गाठ मारून मला पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे पाठवतो.