आमच्या मिलचे गुडघे

रोलिंग मिलच्या मागे भंगाराचा ढीग असतो. मुद्दाम कुणी रचत नाही, तरी वाढत जातो. किस्स्यांचंही तसंच आहे. सत्तरच्या दशकात मी जालन्याच्या एमआयडीसीत मिस्त्री होतो. शाळा चौथीपर्यंत. लोखंड मात्र पुरतं शिकलो. माझ्या पाळीतली माणसं सायकलवर यायची, आणि एका वर्षी अर्धी पाळी लंगडत होती. तेव्हाचे हे किस्से. हसायचं तर हसा. मी तेव्हा हसलो नव्हतो.

*

सुरुवात भीमरावपासून. तो आमचा पहिल्या नंबरचा चिमटेवाला. रोलमधून लाल सळई बाहेर येते, ती चिमट्यात धरायची, जागेवर वळायचं आणि पुढच्या खाचेत घालायची. कामात पक्का माणूस.

त्याच्या सायकलचं फ्रीव्हील घसरायला लागलं. पायडल फिरे, चाक जागच्या जागी. आमचा वेल्डर इस्माईलभाई म्हणाला, "इधर ला." फ्रीव्हीलला वेल्डिंगचे टाके मारून सायकल परत दिली. "ले, अब जिंदगीभर फिसलेगा नै!"

खरं बोलला. घसरलं नाही. थांबलंही नाही! चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, अशी सायकल झाली. घरी जाताना उतारावर भीमरावनं सवयीनं पाय थांबवले. सायकलनं त्याला उचलून बाभळीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी तोंडावर ओरखडे घेऊन आला. "भाई, सायकल माझं बिलकुल ऐकून नाही राह्यली!"

इस्माईलभाई वेल्डिंगचा चष्मा वर न करता म्हणाला, "तो तू उसका सुन!"

*

माणसाला दुसऱ्याचं बघून खाज सुटते. भीमराव सरावला, तशी बाकीच्यांनीही फ्रीव्हीलं वेल्ड करून घेतली. पाय मागे रेटून सायकल थांबते म्हटल्यावर ब्रेक काढून टाकले. सायकल उचलून टाकेल या भीतीनं सीटा खाली केल्या, म्हणजे पाय जमिनीला टेकतो. खाली सीट, दुमडलेला गुडघा आणि त्यावर रेटा. गुडघे किती दिवस गप्प बसणार?

भट्टीवरच्या तुकारामाला शेक पाहिजे होता. ताज्या सळया निवायला टाकलेल्या होत्या, तिथं गुडघा पुढे करून उभा राहिला. बरं वाटलं. डोळे मिटले. जळका वास आला तसा मी धावलो.

"गुडघा भाजला काय रे?"

तुकारामानं खाली वाकून बघितलं. "न्हाई मिस्त्री, गुडघा बराबर हाय. पँट गेली!"

उरलेली पाळी त्यानं कमरेला बारदान गुंडाळून काढली.

*

अंबादास पिंपळगाव रेणुकाईचा. जालन्यात खोली करून राहायचा. गावी गेला की एरंडाची पानं घेऊन यायचा. पान तेल लावून गरम करायचं आणि गुडघ्याला बांधायचं. तुकाराम हळद-चुन्याच्या लेपाचा कैवारी. दोघांची त्यावरून रोज भांडणं. जेवणाच्या सुट्टीत एकीकडे तेल तापायचं, दुसरीकडे हळद कालवली जायची.

एक दिवस शेठ अचानक शेडमध्ये आले. नाक वर करून वास घेतला.

"मिस्त्री, आपण इथं लोखंड काढून राह्यलो का भजी?"

*

मी म्हटलं, पुरे. अंबादासला घेऊन स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण, पण ऐकून घेणारा. त्यानं सायकल दारात आणायला लावली. अंबादासला वर बसवलं. गुडघा किती दुमडतो ते बघितलं.

म्हणाला, "आधी ब्रेक बसवा. पायानं थांबवायचं बंद. सीट वर घ्या, पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. निघताना सावकाश मारा. चढ असला तर उतरून चाला. सूज आहे तोवर सायकल नको. आणि जमेल तेव्हा नवीन फ्रीव्हील बसवा."

सगळं माझ्या डोक्यात बसलं. अंबादासच्या नाही. त्याला गोळी पाहिजे होती.

"पण डॉक्टरसाहेब, औषध काय घेऊ?"

"हेच औषध. सीट वर घे."

अंबादासनं मान डोलवली. "दिवसातून किती टाइम?"

मिलमध्ये आल्यावर मी इस्माईलभाईला वेल्ड काढायला सांगितलं. त्यानं छातीवर हात ठेवला. "मिस्त्री, चाक तोड दूँगा. मेरा वेल्ड निकलता नै!"

*

आता भीमरावचं. तो दुखणं लपवून काम करत होता. एक दिवस सळई धरून वळताना त्याचा गुडघा लचकला. लाल सळई पोटरीला चाटून गेली. थोडक्यात वाचला. मी त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि त्याला बंडलं बांधायला बसवलं.

चिमटेवाल्याला बंडलावर बसवणं म्हणजे पगार कमी आणि मान त्याहून कमी. भीमराव म्हणाला, "मिस्त्री, चिमटा दुसऱ्याला देऊ नका."

"डॉक्टर सांगतो तसं वाग. मंग माझ्यासमोर हात न टेकवता बसून ऊठ. चिमटा तुझा."

त्यानं पुढचा ब्रेक बसवला. सीट वर घेतली. मी रोज गेटवर सायकल बघायचो. सूज उतरत होती. मग एक दिवस बघतो तर सीट पार खाली!

"ही कुणी खाली केली?"

"मीच."

"का?"

तो पायडल पुसायला लागला. खाली मान. मी म्हटलं, "मंग चिमट्याचं नाव काढायचं न्हाई." त्यानं मान हलवली आणि बंडलाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी गेटवर जमली होती. रस्त्यानं सायकल आली. सीटवर काष्ट्याचं लुगडं नेसलेली बाई, मागे कॅरिअरवर डबा धरून भीमराव! ती त्याची बायको, कौसाबाई. रोज ती त्याला नाल्याच्या पुलापर्यंत आणून सोडायची आणि तिथून तो सीट वर करून सायकल हातात धरून चालत यायचा; काल तेवढी सीट वर करायची राहिली होती. हे मला त्या दिवशी कळलं. आज ती पुलाशी थांबली नाही. थेट माझ्यासमोर ब्रेक दाबला, पाय टेकवला.

कुणी हसलं नाही. तुकारामानं विडी टाकून दिली.

"सीट म्या खाली केली," कौसाबाई म्हणाली. "माझा पाय पुरत न्हाई. ह्यांचे गुडघे आजवर जपून ठेवलेत. घ्या, बघा."

भीमराव उतरला. हात पुढे करून उकिडवा बसला, उठला. पुन्हा बसला, उठला. चेहरा तसाच.

मी अंबादासला सांगितलं, "चिमटा आण ह्याचा."

कौसाबाईनं सायकल वळवली. संध्याकाळी त्याला न्यायला तिला परत यायचं होतं. मी म्हटलं, "बाई, अशी सायकल, वर डबल सीट. तुमचे गुडघे दुखत न्हाईत?"

ती एक पाय पायडलवर ठेवून थांबली.

"दिवसभर खुरपायला उकिडवी बसते, मिस्त्री. गुडघ्याचं इचारणारे तुमी पहिलेच!"